बंद म्हणजे किती बंद? ड्राय गॅस सीलची समीक्षा



समीक्षा कवितेची होते, नाटकाची होते, इमारतीचीही होते. यंत्राच्या सुट्या भागाची मात्र कुणी करत नाही. तो चालला की बिल निघतं, बिघडला की अहवाल निघतो. आज आम्ही अशाच एका भागाची समीक्षा करणार आहोत. वायू दाबून पुढे ढकलणाऱ्या कॉम्प्रेसरच्या शाफ्टवर बसणारं ड्राय गॅस सील, हा आपला आजचा विषय.

आधी अडचण समजून घेऊ. कॉम्प्रेसरच्या पोटात वायू प्रचंड दाबाखाली असतो. कधी तो ज्वालाग्राही असतो, कधी विषारी. पोटातली चाकं फिरवायची तर शाफ्ट बाहेर यायला हवा, आणि शाफ्ट बाहेर यायचा तर भोक हवं. भोक घट्ट बुजवलं तर शाफ्ट घासून जळेल, सैल ठेवलं तर वायू बाहेर येईल. मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेणाऱ्या वस्तूभोवतीचं दार बंद कसं करायचं? ‘बंद’ या साध्या शब्दाची इथे परीक्षा लागते.

पहिलं उत्तर लॅबिरिंथचं, म्हणजे भुलभुलैयाचं. एकापुढे एक धारदार कंगोरे ठेवायचे. प्रत्येक फटीतून जाताना वायूचा दाब थोडा थोडा खर्ची पडतो. गळती थांबत नाही, फक्त मंदावते. वाफेला किंवा हवेला हे चालून जातं, विषारी वायूला नाही. दुसरं उत्तर तेलाचं. शाफ्टभोवतीच्या कड्यात वायूपेक्षा किंचित जास्त दाबाने तेल सोडायचं, म्हणजे वायूची वाट अडते. पण त्यासाठी पंप, टाक्या, दाब सांभाळणारी यंत्रणा, शिवाय वायू मिसळून नासलेलं तेल पुन्हा शुद्ध करण्याची सोय, असा सगळा संसार मांडावा लागतो. वर थोडं तेल वायूत जातं ते जातंच.

तिसरं उत्तर १९७०च्या दशकात कारखान्यांत येऊ लागलं. डोळ्यांपुढे जातं आणा. एक तळी स्थिर, एक फिरती, आणि दळावं म्हणून दगडाला टाकी लावलेली. ड्राय गॅस सीलमध्येही दोन कडी समोरासमोर असतात. एक शाफ्टबरोबर फिरतं, दुसरं मागच्या स्प्रिंगांवर पुढे-मागे सरकू शकतं. फिरत्या कड्यावर वळणदार खाचा असतात, पण खोली काही मायक्रॉनच. जात्यात दाणे मधून पडतात आणि पीठ कडेने बाहेर येतं. इथे उलट, वायू बाहेरच्या कडेने आत ओढला जातो. पुढे खाचा संपतात, सपाट बांध लागतो, वायू तुंबतो, त्याचा दाब वाढतो आणि दोन्ही कडी एकमेकांपासून सुटतात. किती? साधारण तीन ते पाच मायक्रॉन. आपला केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज करा.

खरी गंमत पुढेच आहे. फट कमी झाली की मधल्या वायूचा दाब वाढतो आणि कडी दूर होतात. फट वाढली की तो दाब उतरतो, स्प्रिंग आणि मागचा वायू कड्याला पुन्हा पुढे रेटतात. कुणी सांगायला नको, बघायला नको. यामागचं विज्ञान जुनंच आहे. ब्यूचँप टॉवर यांनी १८८३च्या सुमारास बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडलं, तर आतल्या तेलाच्या दाबाने भोकातलं बूच उडालं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं. अल्बर्ट किंग्सबरी यांनी १८९७ मध्ये तेच काम साध्या हवेकडून करून दाखवलं. म्हणजे वंगण यंत्राच्या पोटातच होतं आणि आपण बाहेरून तेल आणत होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा!

आता समीक्षेकडे येऊ. फ्रेंच तत्त्वज्ञ जिल्बेर सिमाँदों यांनी १९५८ मध्ये यंत्रांच्या अस्तित्वावर ग्रंथ लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की यंत्र प्रगल्भ होतं तेव्हा त्याचा एकेक भाग अनेक कामं करू लागतो. इंजिनच्या बाहेरच्या उभ्या पट्ट्या (फिन) उष्णता घालवतात आणि त्याच सिलिंडरच्या माथ्याला बळकटीही देतात. या कसोटीवर ड्राय गॅस सीलला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं वाटतं. जो वायू अडवायचा तोच वंगण झाला, तोच उष्णता घेऊन गेला, तोच फट सांभाळू लागला.

बरीच वर्षं आम्हीही असंच मानत होतो. आता तसं वाटत नाही. का, ते सांगतो.

सिमाँदोंचं आवडतं उदाहरण म्हणजे गँबाल यांचं जलविद्युत यंत्र. त्यात जनित्र पाण्याच्या नळातच बसवलेलं असतं. त्याच्या कवचात तेल असतं. ते वंगण करतं, विजेपासून संरक्षण देतं, उष्णता बाहेर नेतं आणि स्वतःच्या जास्त दाबाने पाण्याला आत येऊ देत नाही. उष्णता शेवटी स्वीकारतं ते वाहतं पाणी, आणि ते पाणी नदीचं असतं, जसं येईल तसं. यंत्राने भोवतालाला आपलंसं केलं, असं याला म्हणता येतं.

आपलं सील मात्र भोवताल जसा आहे तसा स्वीकारत नाही. तीन मायक्रॉनच्या फटीत तेवढ्याच आकाराचा कण आला तरी धोका. थेंब आला तरी धोका. म्हणून वायू गाळायचा, कोरडा करायचा, बऱ्याचदा तापवायचा. कारण दाब उतरताना वायू थंड होतो आणि त्यातले जड घटक द्रवरूप होतात. दवबिंदूच्या वर वीसेक अंशांचं अंतर राखावं, असा शिरस्ता आहे. बेअरिंगचं तेल इकडे येऊ नये म्हणून पलीकडे नायट्रोजनचा पडदा. शिवाय दाब मोजणारी उपकरणं, झडपा, इशारे. तेलाचा संसार मोडला खरा, पण वायूचा नवा संसार शेजारच्या पॅनेलवर थाटला! या सीलप्रणालींसाठी एपीआय ६९२ हे स्वतंत्र मानक निघालं ते २०१८ मध्ये. सील बाजारात आल्यानंतर चार दशकांनी त्याच्या भोवतालाला स्वतःचं पुस्तक मिळालं.

दुसरा आक्षेप भाषेवर. ‘स्पर्शरहित सील’ असं जाहिरातीत म्हणतात. ते यंत्र वेगात असतानाच खरं आहे. थांबलेल्या यंत्रात कडी टेकलेलीच असतात. फार संथ फिरवलं तर घासतात. खाचा एकाच दिशेच्या असतील आणि शाफ्ट उलटा फिरला तर वायूची गादी धरतच नाही. ‘नगण्य गळती’ हाही तसलाच शब्द. यंत्राच्या आकाराशी तुलना केली तर ती नगण्य आहेच. पण ती जाते कुठे? बहुधा फ्लेअरकडे, म्हणजे जाळायला. आणि काही ठिकाणी थेट हवेत. वायू मिथेन असेल तर वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट ऊब धरतो. अशा वेळी नगण्य कुणाच्या दृष्टीने, हे विचारलंच पाहिजे. अर्थात गळती हीच सीलची नाडी आहे, हेही विसरू नये. तिचा आकडा चढू लागला की सील आजारी पडतंय हे कळतं. म्हणून गळती लपवू नये. ती मोजावी, आणि जमेल तिथे जाळण्याऐवजी परत घ्यावी.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. आमचा एक जुना विद्यार्थी अशा यंत्रांच्या देखभालीत आहे. त्याने सांगितलेली हकिगत. एका कारखान्यात सील गेलं. अहवालात कारण काय, तर ‘अशुद्ध वायू’. नवं सील बसवलं, तेही गेलं. पाळीवरच्या तरुण ऑपरेटरकडे लेखी खुलासा मागितला. फिल्टर उघडला तर तो स्वच्छ! मग नीट चौकशी झाली. यंत्र काही दिवस थांबवलेलं होतं, पण आत दाब तसाच होता. सीलला शुद्ध वायू मिळतो तो त्याच कॉम्प्रेसरच्या निर्गमाकडून. यंत्र थांबलं की निर्गमाचा आणि आतला दाब सारखा होतो आणि तो प्रवाहच थांबतो. मग पोटातला कच्चा वायू संथपणे सीलपर्यंत पोचतो, थंडावतो, थेंब धरतो. पुन्हा सुरू करताना पहिल्या फेऱ्यांतच घात होतो. पोराने लिहून दिलेली प्रत्येक पायरी पाळली होती. थांबलेल्या काळात वायू वाहता ठेवणारा छोटा बूस्टर मूळ आराखड्यातच नव्हता.

‘अशुद्ध वायू’ हे कारण खोटं नव्हतं, बरं का. पण ते शेवटचं कारण होतं आणि चौकशी तिथेच थांबली. सीलच्या जगण्याची अट आराखड्याने पूर्ण केली नाही, ती निमूटपणे माणसाच्या अंगावर टाकली. त्याला ती कुणी सांगितलीही नव्हती.

मग आमचा निवाडा काय? दोन कड्यांपुरतं पाहिलं तर ही विसाव्या शतकातली अत्यंत देखणी रचना आहे; त्यात आम्ही काही मागे घेत नाही. पण कड्यांपुरतं पाहणं हीच चूक आहे. सीलचा आराखडा म्हणजे कडी, पॅनेल, थांबण्याची रीत आणि पाळीवरचा माणूस, हे सगळं मिळून. यातलं काही वगळून केलेली स्तुती अर्धवट असते, आणि काही वगळून लावलेला दोष अन्यायाचा असतो.

आज ऐकणाऱ्यांत अशा यंत्रांशी रोज संबंध येणारे काही जण असतील. त्यांना एवढंच सुचवतो. पुढच्या वेळी सीलचा आराखडा समोर आला की विचारा: यंत्र थांबलेलं असताना याला वायू कोण देतं? गळती शेवटी कुठे जाते? आणि हे बिघडलं तर खुलासा कुणाकडे मागितला जाईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘पाळीवरच्या माणसाकडे’ असं येणार असेल, तर त्याला आराखड्याच्या बैठकीत आधीच बोलवा.