चकाकी उतरवताना

महाबळेश्वरला एका स्नेह्यांच्या घरी मी ते रिव्हॉल्व्हर पाहिलं. परवान्याचं, जुनं, परदेशी बनावटीचं, स्टेनलेस स्टीलचं. बाहेर आषाढातलं धुकं खिडकीला टेकलेलं, खोलीत एकच दिवा. त्यांनी ते रिकामं करून, दोनदा तपासून काळ्या कापडावर ठेवलं, पण डोळ्यांत काही चमकलं नाही. दिव्याचा उजेड नळीवर पडला आणि तिथेच मुरला, सायीवर पडावा तसा. वापराने मंद झालं असेल, असं आधी वाटलं. जवळ घेतल्यावर कळलं, ही चकाकी कुणीतरी बेताने, हाताने उतरवली आहे.

साध्या पोलादाचं हत्यार काळंनिळं करता येतं. तो काळा थर म्हणजे नीट आवरलेला गंजच असतो. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं. त्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा गंजाला आत येऊ देत नाही, म्हणून तो नेहमीचा काळा रंगही त्यावर चढत नाही. मग चकाकी मोडायची तर पृष्ठभागच बदलावा लागतो. आरशासारखं पोलाद उजेड एका बाजूला परत फेकतं, बारीक ओरखड्यांनी भरलेलं तोच उजेड चहूकडे पसरवतं. काचेचे बारीक मणी हवेच्या दाबाने मारले की पोत सगळीकडे सारखा येतो, पण मला तो धूळ बसल्यासारखा वाटतो. इथे मात्र घासणीचं काम होतं, आणि घासणाऱ्याला दिशा कळत होती.

भिंगातून पाहिलं तर नळीवरच्या रेषा सगळ्या लांबीच्या दिशेने गेलेल्या, केस विंचरावेत तशा. नळी सांगाड्याला मिळते तिथे गोलाई आहे. रेषा तिथे तुटत नाहीत, वळण घेऊन पुढे जातात. फिरत्या चक्रावरच्या पन्हळींत बोट शिरणं कठीण, तरी तिथलाही उजेड बाहेरच्याइतकाच मंद. कडा मात्र धारदार राहिल्या आहेत. घासताना सगळ्यात आधी कडा मरतात, आणि कडा मेल्या की वस्तू साबणाच्या वडीसारखी दिसू लागते. कोरलेला क्रमांक स्वच्छ वाचता येत होता. हत्यारावरची ओळखखूण पुसणं शस्त्र कायद्याने गुन्हा आहेच, पण इथे कायद्याच्या आधी कारागिराचा आदर दिसतो. अक्षरांच्या भोवती हात हलका झालेला जाणवतो. घोडा आणि चाप जिथे एकमेकांत अडकतात त्या आतल्या जागा त्याने शिवलेल्याही नाहीत. कुठे थांबायचं हे ज्याला कळलं, त्याचंच हे काम.

या पोलादाची जन्मकथाही बंदुकीशीच जोडलेली आहे. शेफील्डचा हॅरी ब्रिअर्ली रायफलच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून मिश्रणं तपासत होता. १९१३ साली त्यातून न गंजणारं पोलाद निघालं आणि गेलं ते सुऱ्या-काट्यांत. स्टेनलेसचं पहिलं रिव्हॉल्व्हर, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६०, बाजारात यायला १९६५ उजाडलं.

पण हे काम पाहताना मला शेफील्ड आठवलं नाही, मिरज आठवली. तलवारीला धार लावणारा, तिचा गंज काढून तिला उजळणारा तो शिकलगार. शब्द अरबी 'सैकल'वरून आलेला. सैकल म्हणजे उजाळा देणारा. पात्याच्या अंगावर उजेड कसा बसतो, हे ज्यांना बोटांनी कळायचं, अशी ही माणसं. राजवटी बदलल्या, तलवारींचं काम आटलं, आणि १८५०च्या सुमारास मिरजेत फरीदसाहेबांच्या घराने तंतुवाद्यं घडवायला घेतली. आडनाव शिकलगार होतं, पुढे लोक सतारमेकर म्हणू लागले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच परंपरेचं.

तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेतला झणकार, काढताना पाहणं हा माझ्यासाठी अजूनही उत्सव असतो. तारा ज्या पट्टीवरून जातात ती घोडी. बंदुकीत घोडा, तंबोऱ्यात घोडी. आपल्या भाषेने दोन्ही वस्तू किती शेजारी ठेवल्या आहेत! घोडीचा माथा सपाट नसतो, जेमतेम उतरता असतो. कारागीर कानशीचा एक हात फिरवतो, फुंकर मारतो, तार छेडतो. आवाज बंद वाटला तर पुन्हा एक हात. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो आणि ती खुलते, झणकार घरभर पसरतो. एक हात जास्त झाला की आवाज भणभणतो, आणि घोडी नव्याने घासावी लागते. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहायचे, आणि जवारीवर स्वतः हात चालवण्याइतकं त्यांना या कामाचं ज्ञान होतं. ते रिव्हॉल्व्हर घासणारा शिकलगार घराण्यातला होता की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. त्याचा हात त्या जातीचा होता: उजेडालाही जवारी असते हे जाणणारा.

अश्विनात पुन्हा तिकडे जाणं झालं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारं गाव. कपाटातल्या चामड्याला बुरशी, कड्या-कोयंड्यांना तांबेरा. स्नेह्यांनी रिव्हॉल्व्हर काढलं. नळी तशीच सायीसारखी, चक्र स्वच्छ. फक्त घोड्याच्या मागे, सांगाड्याच्या कोनात, खसखशीच्या दाण्याएवढा एक तांबूस ठिपका. तिथे घासणी पोचली नसावी, म्हणून कुणीतरी साध्या लोखंडी तारेचा ब्रश चालवला असेल. त्याचे कण स्टेनलेसमध्ये रुतून बसतात आणि पहिल्याच पावसात गंजतात. पोलाद नव्हतं गंजलं, गंजलं होतं ते परकं लोखंड. स्नेह्यांनी काडीच्या टोकाला मऊ चिंधी गुंडाळली, तेलाचा थेंब घेतला, आणि रेषा ज्या दिशेने गेल्या होत्या त्याच दिशेने हलके हलके पुसू लागले.