नासी लेमाकवर शेव

ग्रंथाचे परीक्षण करावे, नाटकाचे करावे, फार तर गाण्याच्या मैफलीचे करावे. पण ताटातल्या भाताचे परीक्षण कोणी करते काय, असे वाचक विचारतील. फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्यांनी हा प्रश्न आधी स्वतःलाच विचारून पाहावा. शेजारून आलेल्या चकलीचा पहिला तुकडा मोडताच ‘मोहन कमी पडलं हो’ असे आपण म्हणतो, ते परीक्षण नव्हे तर काय? ते घरातल्या घरात राहते, एवढेच. मी आज ते छापायला देत आहे.

आम्ही बुलढाण्याचे. गेल्या उन्हाळ्यात कॉलेजात जाणाऱ्या भाचीला घेऊन नागपूरला जाण्याचा योग आला. तिच्या आग्रहाने एका मॉलच्या वरच्या मजल्यावरील फूड कोर्टात शिरलो. दहा-बारा ठेले रांगेने मांडलेले आणि मधे सगळ्यांची मिळून एकच बैठक. त्यांतल्या एका ठेल्यावर ‘मलेशियन’ अशी झगझगीत पाटी होती आणि खाली ‘शुद्ध शाकाहारी’ असा दिलासा. आम्ही दोन पदार्थ मागवले: नासी लेमाक आणि रोटी चनाई.

मलय भाषेत ‘नासी’ म्हणजे भात आणि ‘लेमाक’ म्हणजे स्निग्ध. नारळाच्या दुधात, केवड्याच्या कुळातले एक सुगंधी पान घालून हा भात शिजवतात. सोबत तळलेली बारीक सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी, अंडे आणि सांबल नावाची मिरचीची चटणी. या चटणीला एरवी बारीक कोळंबी खारवून, आंबवून, वाळवून केलेल्या वडीचा उग्र दर्प असतो. आमच्या ताटात नारळ होता, शेंगदाणे होते, काकडीही होती. चटणी मात्र टोमॅटोच्या सॉससारखी गोडसर आणि मासळीच्या जागी चक्क शेव!

भाचीने दोन घास खाल्ले आणि विचारले, “मामा, तिकडे हे असंच असतं का?”

मी गप्प राहिलो. त्या देशाविषयी चार पुस्तके वाचली आहेत. तिथले अन्न कधी चाखलेले नाही. ताटात काय नाही ते मी सांगू शकत होतो, पण जे आहे ते चांगले की वाईट हे सांगायला माझ्या जिभेजवळ आधारच नव्हता. काउंटरमागचा पोरगा छत्तीसगडचा. त्यानेही मलेशिया पाहिलेला नव्हता. म्हणजे करणारा अनभिज्ञ, खाणारा अनभिज्ञ, आणि दोघांच्या मधे एक पाटी. रोटी चनाईची गोष्ट वेगळी. ती पदर सुटलेली, खरपूस होती आणि ‘ही झकास आहे’ असे आम्ही दोघांनी एका आवाजात म्हटले. कारण उघड आहे. ती रोटी दक्षिण हिंदुस्थानातून तिकडे गेलेल्या लोकांनी नेलेली, आपल्या पराठ्याचीच बहीण. तिची परीक्षा आम्हांला घेता येत होती.

यावरून मी शुद्धतेचा झेंडा घेऊन उभा आहे असे कोणी समजू नये. मलेशियाच्या न्याहारीच्या संस्कृतीला २०२४ साली युनेस्कोने मानवतेच्या वारशात स्थान दिले, त्यात नासी लेमाकच्या पंक्तीला ही परदेशी रोटीही बसली आहे. ज्या मिरचीवाचून सांबल होत नाही आणि आमचा ठेचाही होत नाही, ती दोघांकडेही अमेरिका खंडातून आलेली. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, तेव्हा तो मराठी प्रेक्षकांच्या परीक्षेला उतरला. रूपांतर हा गुन्हा नव्हे. ज्याची परीक्षा घेणारा कोणीच समोर नाही, ते रूपांतर आळसावते, हे माझे म्हणणे आहे.

परतीच्या गाडीत याचा पुरावाच मिळाला. अकोला मागे पडले आणि शेगाव आले. बुलढाणा जिल्ह्याचे हे गाव गजानन महाराजांचे, आणि पोटापुरते बोलायचे तर कचोरीचे. ही कचोरी तरी वऱ्हाडची कुठे? फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी १९५०च्या सुमारास ती या स्थानकावर विकायला घेतली. घेणारे वऱ्हाडी. आवडली नाही तर तोंडावर सांगणारे, आणि आवडली तर दुसऱ्या फेरीला पुन्हा मागणारे. कढईमागचा माणूस आणि खिडकीतून हात काढणारा माणूस यांच्यात वर्षानुवर्षे हा संवाद चालला, आणि मला वाटते, त्यातूनच परक्याची कचोरी शेगावची झाली. आज गावोगाव तिच्या नावाच्या पाट्या लागतात. पण इथे आधी चव आली, पाटी मागून.

आम्ही दोन कचोऱ्या घेतल्या, वर तळून मीठ लावलेली हिरवी मिरची. भाचीने मिरचीचा तुकडा मोडला आणि खिडकीतून म्हणाली, “काका, आज मिरची कच्ची राहिली हो!” विक्रेत्याने तिच्याकडे पाहिले, टोपलीतून चांगली तळलेली निवडून दिली आणि मागे वळून साथीदाराला ओरडला, “अरे, मिरची नीट होऊ दे!”

गाडी हलली. दुपारी माझी परीक्षकाची विद्या कामी आली नव्हती. एकोणीस वर्षांच्या पोरीने मात्र एका वाक्यात उत्तम परीक्षण करून दाखवले होते, आणि त्याचा परिणामही जागच्या जागी झाला होता. नागपूरच्या त्या पोराला मी काहीच बोललो नव्हतो. पुढच्या खेपेला निदान एवढे तरी सांगेन म्हणतो: बाबा रे, शेव खुशाल घाल, पण चटणीला थोडे तिखट लागू दे.