प्रतीक्षा आणि परिश्रम : थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रांतील आशाविचार

ख्रिस्ताच्या पुनरागमनाची आशा हा ख्रिस्ती श्रद्धेचा महत्त्वाचा घटक आहे. ही आशा माणसाला इहलोकातील कर्तव्यांपासून विन्मुख करते, असा आक्षेप तिच्यावर घेतला जातो. प्रस्तुत लेखात नव्या करारातील थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दोन पत्रांच्या आधारे या आक्षेपाचा विचार केला आहे. पौलाचे पहिले पत्र सुमारे इ. स. ५० मधील असून नव्या करारातील सर्वांत जुन्या लेखनात त्याची गणना होते. दुसऱ्या पत्राच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

पहिल्या पत्रातील आशाविचारामागे शोकाचा प्रसंग आहे. प्रभू येण्यापूर्वीच मंडळीतील काही जण मरण पावले होते आणि त्यांचे काय होणार, ही चिंता मागे राहिलेल्यांना ग्रासत होती. पौल शोकाला मनाई करीत नाही. आशा नसलेल्यांप्रमाणे शोक करू नये, एवढेच तो सांगतो. आगमनासाठी त्याने योजलेला ‘पारूसिया’ हा शब्द ग्रीक जगात राजाच्या नगरभेटीसाठीही वापरला जाई. मात्र तो दिवस रात्री येणाऱ्या चोरासारखा येईल, असेही तो बजावतो. राजाच्या स्वागताची सिद्धता करता येते, चोराची वेळ मात्र कळत नाही. या दोन प्रतिमांमुळे कालगणनेचा प्रश्न मागे पडतो आणि सावधपणे जगण्याचा प्रश्न पुढे येतो.

सावधपणाचा अर्थही पत्रात स्पष्ट आहे : शांतपणे राहावे, आपला व्यवसाय पाहावा, स्वतःच्या हातांनी काम करावे. दुसऱ्या पत्रात काम टाकून इतरांच्या कामात लुडबुड करणाऱ्यांची कानउघाडणी आहे. काम न करणाऱ्याने खाऊही नये, हे त्यातील वचन पुढे अनेकदा संदर्भ सोडून गरिबांवर उगारले गेले. मूळ ग्रीक वाक्यात दोष आहे तो काम करण्याची इच्छा नसण्याचा. काम न मिळण्याचा किंवा न झेपण्याचा नव्हे. शिवाय लगेच पुढे, चांगले करताना खचू नये, असा उपदेश येतो.

मराठी संतपरंपरेत ‘आशा’ हा शब्द बहुधा तृष्णेच्या, बंधनाच्या अर्थाने येतो. त्यामुळे मराठी वाचकाला ही पत्रे वाचताना त्या शब्दाचा अर्थ नव्याने लावावा लागतो. पहिल्या पत्राच्या आरंभीच विश्वासाची सांगड कामाशी, प्रीतीची श्रमाशी आणि आशेची धीराशी घातली आहे. येथे आशा म्हणजे हाव नसून टिकून राहण्याचे बळ होय.

एक अडचण मात्र उरते. आगमनसमयी जिवंत असणाऱ्यांविषयी लिहिताना पौल ‘आपण’ म्हणतो. म्हणजे ते आपल्या हयातीत घडू शकेल, असे त्याला वाटत असावे. तसे घडले नाही. तरीही ही पत्रे निरर्थक ठरली नाहीत, कारण शोकाकुलांचे सांत्वन, प्रामाणिक श्रम आणि परस्परांचा आधार ही त्यांतील शिकवण त्या दिवसाच्या तारखेवर अवलंबून नव्हती. आशा इहलोकाकडे पाठ फिरवायला लावते, हा आक्षेप थेस्सलनीकातील काम सोडून बसलेल्यांना लागू पडतो. त्यांना उद्देशून लिहिलेल्या पत्राला नव्हे.