'जिप्सी' आणि मुक्कामाची जागा

मराठी कवितेत 'जिप्सी' हा शब्द आला तो एक मनोवृत्ती म्हणून. मंगेश पाडगांवकरांच्या एका संग्रहाचेच ते नाव. नोकरी, पगार, घरसंसार यांत अडकलेल्या पांढरपेशा माणसाच्या मनात कुणी भटक्या दडलेला आहे आणि त्याला वाटा खुणावतात, ही त्यामागची कल्पना. कल्पना मोहक आहे, पण ज्याला परतायला घर आहे त्यालाच ती परवडते.

हे रूप मूळचे इंग्रजी कवितेतले. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. मॅथ्यू अर्नोल्डची १८५३ ची 'द स्कॉलर जिप्सी' मी वर्गात शिकवली आहे. ऑक्सफर्डचा एक गरीब विद्यार्थी शिक्षण सोडून जिप्सींच्या टोळीत जातो. कविता सगळी त्या विद्यार्थ्याची. ज्यांच्यात तो गेला ती माणसे रात्री कुठे उतरत, सकाळी त्यांना तिथून कोण हुसकून लावी, याची चौकशी अर्नोल्ड करीत नाही. (शिक्षण सोडण्यात काव्य दिसायला ते बापजाद्यांपासून घरात असावे लागते. माझ्या विद्यार्थ्यांना ही कविता भिडत नाही, यात त्यांच्या इंग्रजीचा दोष नाही.)

इंग्लंडच्या कायद्याने मात्र ही चौकशी फार बारकाईने केली. या रोमानी लोकांच्या भाषेचे मूळ हिंदुस्थानात. पण ते इजिप्तचे आहेत असे समजून १५३० मध्येच 'इजिप्शियन' लोकांना देशाबाहेर घालवण्याचा कायदा झाला. १९५९ च्या हमरस्ता कायद्याने जिप्सीने रस्त्याकडेला बिऱ्हाड टाकणे हा गुन्हा ठरवला. १९६० च्या कायद्याने सामायिक माळरानांवर त्यांच्या गाड्यांना बंदी करण्याचा अधिकार स्थानिक मंडळांना दिला. १९६८ मध्ये एरिक लबक या लिबरल खासदाराच्या विधेयकामुळे थांबायच्या जागा देण्याची जबाबदारी कौन्सिलांवर आली. पण त्यातच मेख होती: एखाद्या भागात पुरेशा जागा दिल्या असे सरकारने मानले, की तिथे इतरत्र थांबणारा गुन्हेगार. १९९४ मध्ये ती जबाबदारीही काढून टाकली, आणि हुसकण्याचे अधिकार वाढवले.

२०२२ च्या पोलीस कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये कळस केला. परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीवर गाडीत राहणाऱ्याने मोठे नुकसान वा त्रास केला, किंवा तसा होण्याचा संभव दिसला, आणि सांगूनही तो हलला नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय गाडी जप्त. गाडी म्हणजे घर. चूल, अंथरूण, पोरांची दप्तरे त्यातच. एकदा हलवलेल्याने त्या जागी बारा महिने परत यायचे नाही. ही वाढीव मुदत भेदभाव करणारी आणि मानवी हक्कांशी विसंगत आहे, असे मे २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने जाहीर केले. पण अशा घोषणेने तिथे कायदा आपोआप रद्द होत नाही.

आपल्याला हे परके वाटू नये. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा याच राज्यकर्त्यांचा. इंग्लंडात ज्यांना थांबू दिले नाही, त्यांच्यासारख्यांना इथे सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआड हलू दिले नाही. १९५२ मध्ये तो कायदा गेला, माणसे 'विमुक्त' झाली. पण पाल कुठे ठोकायचे?

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'ने (१९८०) हा प्रश्न मराठीत आणला. गाढवावर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या कैकाड्याला वाट खुणावत नाही, पोट हाकलते. आणि गावाबाहेर टेकायचे तेही गावाच्या मर्जीवर. माझ्या वाचनात तरी 'उपरा' आणि 'जिप्सी' शेजारी ठेवून कुणी वाचलेले नाहीत. एकाची चर्चा दाहक अनुभव म्हणून झाली, दुसऱ्याची सौंदर्य म्हणून. सौंदर्याच्या त्या चर्चेला 'उपरा' हेच उत्तर आहे, असे मला वाटते. पाडगांवकरांचे शब्द लयदार आहेत, हे मी नाकारत नाही. परंतु त्यांच्या जिप्सीला कुठल्याच गावच्या पाटलाची परवानगी लागत नाही, आणि म्हणूनच तो मनात राहतो.