भिंतीवरची रुग्णहक्क सनद: मजकूर म्हणून वाचली तर

रुग्णहक्कांच्या सनदेबद्दल आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य आहे: सनद चांगली आहे हो, अंमलबजावणी होत नाही. मला या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याबद्दलच शंका आहे. संशोधनासाठी मी असे सरकारी मजकूर वाचते, म्हणजे त्यात काय लिहिलंय, कुणाला उद्देशून लिहिलंय आणि छापताना काय गळालं, हे बघते. आज सनद तशीच वाचून बघू. कायदा म्हणून नाही, लिहिलेला कागद म्हणून.

थोडी पार्श्वभूमी. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेला रुग्णहक्क सनदेचा मसुदा २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लोकांच्या सूचनांसाठी खुला केला. त्यात १७ हक्क होते. आपल्या राज्यात खासगी रुग्णालयांना लागू असलेला शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा. त्याखालचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले गेले आणि सनद व दरपत्रक लोकांना दिसेल असं लावणं बंधनकारक झालं. तुम्ही अंबडला, सिडकोत किंवा आणखी कुठे रुग्णालयात बिलाच्या रांगेत उभे राहिलात, तर जवळपास कुठेतरी हा फलक असायला हवा.

आता आयोगाचा मसुदा आणि भिंतीवरचा फलक शेजारी ठेवून बघा. मसुद्यात प्रत्येक हक्कासमोर त्याचा आधार दिलेला होता: कुठला कायदा, कुठला निकाल. तातडीच्या उपचाराचा हक्क म्हटलं की परमानंद कटारा खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ चा निकाल. संमतीचा हक्क म्हटलं की समीरा कोहली खटल्यातला २००८ चा. फलकावर येता येता हे सगळं गळून पडतं. उरतं काय, तर ‘वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क’ अशी एक ओळ. कुणाकडून? किती वेळात? कुणाकडे मागायच्या? वाक्याला कर्ताच नाही. मराठीत अशी वाक्यं फार सोयीची असतात, कारण त्यात कुणालाच काही करावं लागत नाही.

खरं तर या ओळीला उत्तर आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने नोंदी मागितल्या, तर मागणीची पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. ‘लेखी मागितल्यापासून ७२ तासांत’ एवढं फलकावर असतं, तर नातेवाईकाला काउंटरवर बोट ठेवायला एक जागा मिळाली असती. आत्ता तो ‘आम्हाला पेपर पाहिजेत’ म्हणतो आणि समोरून ‘साहेब आल्यावर बघू’ असं उत्तर येतं. दोघांच्याही डोक्यावर तोच फलक.

मग खालचा भाग, जबाबदाऱ्या. त्या असूच नयेत असं मी म्हणत नाही. आयोगाच्या मसुद्यात त्या पाच आहेत आणि विचार करून लिहिल्या आहेत: आजाराची पूर्ण माहिती द्या, तपासणीत सहकार्य करा, इतर रुग्णांना त्रास होऊ देऊ नका, तक्रार काहीही असो हिंसा करू नका, आणि उपचार नाकारले तर त्या निर्णयाची जबाबदारी घ्या. हिंसेच्या मुद्द्यावर तर दुमत होऊच शकत नाही. कॅज्युअल्टीत रात्रपाळी करणाऱ्या पोरसवदा डॉक्टरवर हात उगारणं हा कुठल्याच हक्काचा भाग नाही. राज्याचा २०१० चा कायदा त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड सांगतो, शिवाय मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. इथे कर्ता, कृत्य, शिक्षा सगळं स्पष्ट आहे. म्हणजे स्पष्ट लिहिता येतं, प्रश्न इच्छेचा आहे.

पण या पाचांत एक गोष्ट नाही, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते: पैसे भरणं. आयोगाने बिल भरणं रुग्णाच्या जबाबदाऱ्यांमध्ये घातलं नव्हतं. उलट बिलाचा वाद असला तरी रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येणार नाही, हे हक्कांमध्ये घातलं होतं. रुग्णालयांच्या फलकांवर मात्र ‘ठरलेले शुल्क वेळेत भरावे’ ही ओळ हमखास भेटते. एक ओळ वाढली आणि सनदेचा तोलच बदलला. कारण बाकीचे हक्क मोडले तर तुम्ही नंतर तक्रार करायची: आधी रुग्णालयाच्या तक्रार कक्षाकडे, मग महापालिकेकडे, मग ग्राहक आयोगाकडे. ही ओळ मात्र तिथल्या तिथे, त्याच काउंटरवर वसूल होते. हक्काची तारीख पुढची, जबाबदारीची आजची.

नाशिककरांना याचा पुरावा वेगळा द्यायला नको. कोविडमध्ये, मे २०२० पासून, सरकारने खासगी रुग्णालयांचे दर बांधले: साध्या वॉर्डाला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमले. म्हणजे रुग्णाच्या बाजूने आकडा वाचणारा माणूस पैसे देतानाच्या टप्प्यावर आणून बसवला. व्यवस्था अपुरी पडली, पण कल्पना बरोबर होती. तरीही मे २०२१ मध्ये आपल्याच शहरात आम आदमी पक्षाचे जितेंद्र भावे यांनी एका रुग्णाची अनामत रक्कम परत मिळावी म्हणून खासगी रुग्णालयात अंगावरचे कपडे उतरवले आणि ते फेसबुकवरून सगळ्यांनी पाहिलं. त्या मार्गाबद्दल तुमचं मत काहीही असो. पण तोवर नवे नियम लागू होऊन चार महिने झाले होते. ज्या मजकुराच्या आधाराने पैसे मागता येतात पण परत मागायला असा तमाशा करावा लागतो, त्या मजकुराला मी चांगला म्हणणार नाही.

आणखी एक उणीव आहे, ती अंबडसारख्या ठिकाणीच नीट दिसते. सनद ज्याला ‘रुग्ण’ म्हणते, तो खिशातून पैसे देणारा माणूस आहे. एमआयडीसीतला कामगार वेगळा. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर त्याचा ईएसआय कापला जातो: त्याच्याकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के. १६ हजार पगारावर त्याचे महिन्याला १२० रुपये, मालकाचे ५२०. म्हणजे ‘शुल्क वेळेत भरावे’ ही जबाबदारी त्याने आजारी पडायच्या आधीच पार पाडलेली असते. त्याचा प्रश्न बिलाचा नसून पहिल्या कागदाचा आहे.

समजा, प्रेस मशिनवर बोट चेचलं. कामावरची दुखापत म्हणून नोंद झाली, तर ईएसआयमधून बरं होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो आणि त्यासाठी आधी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. कामाचा पहिला दिवस असला तरी चालतो. तीच दुखापत ‘घरी पडलो’ म्हणून नोंदली गेली, तर ती साधं आजारपण ठरते. मग ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि तेही सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवस भरलेले असतील तरच. ठेकेदाराकडे दोन महिन्यांपूर्वी लागलेल्या पोराला यातलं काहीच मिळत नाही.

आता सनदेतली पहिली जबाबदारी पुन्हा वाचा: डॉक्टरांना पूर्ण व खरी माहिती द्या. सुपरवायझर सोबत आलाय, तोच गाडी घेऊन आलाय, आणि वाटेत ‘घरीच लागलं म्हण, कंपनी बघून घेईल’ असं सांगून झालंय, अशा वेळी खरं सांगणं ही नुसती जबाबदारी राहत नाही. त्या माणसाचा सगळ्यात मोठा हक्क तोच असतो, आणि तो बजावायला डॉक्टरशी एकट्याने बोलता यायला हवं. खासगीपणाचा हक्क सनदेत आहे, पण तो तिथे गोपनीयतेसाठी आहे. सोबत आलेल्या माणसाला बाहेर थांबवण्यासाठीही तो वापरता येतो, हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही.

तेव्हा तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी अशा वेळी दवाखान्यात असेल, तर डॉक्टरांना सांगा: दोन मिनिटं एकट्याशी बोलायचंय. दुखापत कुठे, किती वाजता, कुठल्या मशिनवर झाली हे केस पेपरवर लिहून घ्या, आणि लिहून झालं की ती ओळ वाचा. चुकीची असेल तर डॉक्टर समोर असतानाच दुरुस्त करून मागा आणि केस पेपरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.