आरसा कोणाचा? ऑर्वेलच्या कादंबरीतील स्थळ आणि पात्र

पात्राच्या अंतरंगाचे प्रतिबिंब परिसरात पडते, हे कादंबरी-समीक्षेतील एक रूढ गृहीतक आहे. डिस्टोपियन कादंबरीच्या संदर्भात ते बरेचदा सैलपणे वापरले जाते. नायक खचतो, म्हणून भोवतालही ढासळतो, असा त्याचा साधा आशय. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या कादंबरीच्या बाबतीत मात्र हे सूत्र अपुरेच नव्हे, तर दिशाभूल करणारे ठरते.

विन्स्टन स्मिथच्या बंडाला चालना मिळते ती काही अंशी त्याच्या खोलीच्या रचनेतून. टेलिस्क्रीन नेहमीच्या भिंतीवर नसल्यामुळे त्याच्या टप्प्याबाहेरचा एक कोनाडा उरतो आणि रोजनिशी लिहिणे शक्य होते. येथे स्थळ हे मनाचे प्रतिबिंब नसून मनाच्या हालचालीची पूर्वअट आहे. चॅरिंग्टनच्या दुकानावरील खोली ही या रचनेची नेमकी उलट बाजू होय. घरात यंत्र दिसते, पण एक जागा त्याच्या नजरेतून सुटते. या खोलीत यंत्र दिसत नाही आणि काहीच त्याच्या नजरेतून सुटत नाही. पोवळे असलेल्या काचेच्या गोळ्यात विन्स्टन स्वतःचे आणि जूलियाचे आयुष्य पाहतो. खोलीला आपल्या मनाचा आरसा मानण्याची चूक प्रथम तोच करतो. चित्रामागचा टेलिस्क्रीन उघड होतो तेव्हा खोलीचे स्वरूप बदलत नाही. ती प्रारंभापासून काय होती, एवढेच कळते.

शब्दशः आरसा कादंबरीत येतो तो प्रेम मंत्रालयात. ओब्रायन विन्स्टनला तीन बाजूंच्या आरशासमोर उभे करून त्याचे उद्ध्वस्त शरीर दाखवतो. प्रतिबिंब दाखवणे हा तेथे सत्तेचा व्यवहार आहे. पुढे ‘चेस्टनट ट्री’ कॅफेत विन्स्टन कोपऱ्यातल्या मेजाशी बसतो. लवंगेच्या स्वादाची जिन आणि बुद्धिबळाचा पट त्याच्यासमोर असतो. पक्षाने मोडून काढलेल्या तीन जुन्या नेत्यांना याच कॅफेत, अशाच पटाशेजारी बसलेले त्याने पूर्वी पाहिले होते. जागा तीच राहते. तिला साजेसा माणूस तेवढा घडवला जातो.

या भेदाला केवळ तंत्राचे महत्त्व नाही. वास्तव मनाबाहेर नसते, हा ओब्रायनचा सिद्धांत आहे. बाह्य जग स्वतंत्रपणे अस्तित्वात आहे, ही विन्स्टनची एकमेव श्रद्धा. परिसराला पात्राच्या मनाची छाया ठरवणारा समीक्षक नकळत ओब्रायनच्या पक्षाला जाऊन मिळतो. खिडकीखालच्या अंगणात कपडे वाळत घालताना गाणारी धिप्पाड स्त्री विन्स्टनच्या आशेसाठी गात नाही. त्याच्या मनःस्थितीशी तिचा काही संबंध नसणे, हाच तिच्या अस्तित्वाचा पुरावा आहे. जोवर जग विन्स्टनचा आरसा नसते, तोवर त्याच्या प्रतिकाराला आधार असतो. त्याचा पराभव परिसर त्याच्यासारखा झाल्याने होत नाही. त्याच्यात सत्तेखेरीज दुसरे काहीच प्रतिबिंबित होईनासे होते, तेव्हा तो पूर्ण होतो.