प्रमाण देताना बोलणारा कोण, ते पाहा

वाचकहो, वारकरी कीर्तनात निरूपणाला अभंग एकच असतो. महाराज त्याचा एकेक चरण घेतात, अर्थ सांगतात आणि जिथे अर्थाला आधार हवा तिथे दुसऱ्या संतांचे प्रमाण देतात. पहिले शब्द निघताच टाळकरी ते उचलून धरतात. प्रमाण म्हणून झाले की महाराज पुन्हा मूळ चरणावर येतात. हे परत येणे फार महत्त्वाचे आहे. प्रमाण हे मूळ अभंगाच्या सेवेला आलेले असते. त्याने चरणाचा अर्थ पुढे नेला नाही, तर गोड चालीत म्हटले तरी ते उपरेच राहते.

आज संतसाहित्यावर पुष्कळ लिहिले जाते. वारकऱ्यांच्या घरची मुलेमुली विद्यापीठांत निबंध आणि प्रबंध लिहितात, कीर्तनकार मासिकांतून लेख लिहितात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण कीर्तनात आपण जी शिस्त पाळतो, ती लिहिताना बरेचदा सुटते. एक वाक्य लेखकाचे, लगेच चार ओव्या, पुन्हा एक वाक्य, मग दोन अभंग, असा मजकूर वाचताना लेखकाला काय म्हणायचे आहे हेच कळत नाही. प्रमाणांची माळ होते, पण ओवणारा धागा दिसत नाही. तुकोबांचा अभंग दिला म्हणजे आपला मुद्दा सिद्ध झाला, असे लेखकाला वाटते. त्या अभंगातला कोणता शब्द मुद्द्याला आधार देतो, हे सांगण्याचे काम मात्र वाचकावर टाकलेले असते.

हा दोष त्रासदायक आहे, पण त्याने फारसा अनर्थ होत नाही. अनर्थ होतो तो बोलणारा कोण हे न पाहिल्याने.

ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय आठवा. त्यात कुलक्षय, कुलधर्माचा नाश, वर्णसंकर यांविषयी सविस्तर बोलणे आले आहे. ते कोणाचे? अर्जुनाचे. समोर आप्त पाहून गडबडलेला, धनुष्य टाकायला निघालेला अर्जुन ते बोलतो आहे. दुसऱ्या अध्यायात भगवंत त्याच्या या अवस्थेला मोह ठरवतात आणि तिथून गीतेचा उपदेश सुरू होतो. आता कोणी त्या पहिल्या अध्यायातली एक ओवी उचलली आणि खाली ‘माउलींचे मत’ असे लिहून ती एखाद्या लग्नाच्या किंवा जातीच्या वादात पुढे केली, तर काय झाले? मोहात पडलेल्या शिष्याचे बोलणे आपण गुरूच्या तोंडी घातले. वर्णव्यवस्थेविषयी ज्ञानेश्वर महाराजांचे म्हणणे काय, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्याचे उत्तर अर्जुनाच्या तोंडच्या ओवीवरून परस्पर देता येत नाही.

सोळाव्या अध्यायाचेही तसेच. तिथे आसुरी वृत्तीचा माणूस धनाची, सत्तेची आणि स्वतःच्या मोठेपणाची फुशारकी मारतो. मागचे-पुढचे सोडून तेवढाच तुकडा छापला, तर ज्याचा निषेध केला आहे तेच ग्रंथाचे सांगणे वाटेल.

नाथांच्या भारुडांत तर ही दक्षता पावलोपावली हवी. तिथे कधी जोशी बोलतो, कधी गोंधळी, कधी विंचू चावलेला माणूस. भवानीला रोडग्याचा नवस बोलणारी सून सासरच्या एकेकाला वाटेतून दूर करण्याची विनंती करते, आणि लोक हसतात. हसावे, नाथांनाही ते हवेच असणार. पण तेवढाच भाग देऊन ‘त्या काळी सुनांचे सासरशी पटत नसे, याचा हा पुरावा’ असे निबंधात लिहिले, तर प्रपंचाचे पाश सुटण्याची जी मागणी भारुडाच्या अखेरीस उघड होते, ती बाहेरच राहिली. पुरावा निम्मा दिला की तो पुरावा राहत नाही.

तुकोबांच्या गाथेत करुणा आहे, देवाशी भांडण आहे, निराशा आहे आणि कृतार्थताही आहे. एका अभंगातली निराशा हा त्यांचा सिद्धांत नव्हे. अभंग कोणत्या अवस्थेतला आहे, ते सांगून मगच तो द्यावा.

दुसरी गोष्ट पाठाची. ‘तुका म्हणे’ असे शेवटी आले एवढ्याने अभंग तुकोबांचा ठरत नाही, कारण ती मुद्रा कोणालाही जोडता येते. नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत विष्णुदास नाम्याची रचना मिसळल्याचे अभ्यासक सांगतात. गाथेच्याही प्रती अनेक. इंदुप्रकाश छापखान्याची 1869 आणि 1873 सालची दोन भागांची गाथा, 1950 सालची सरकारी गाथा, फडाफडांच्या परंपरेतल्या गाथा, यांत क्रमांक आणि कुठे कुठे शब्दही वेगळे आहेत. म्हणून नुसता अभंग क्रमांक लिहून भागत नाही, प्रत सांगावी लागते. ही विद्यापीठाने लादलेली कटकट नव्हे. ज्ञानेश्वरी 1290 साली सिद्ध झाली, पुढे तिच्यात अपपाठ शिरले, आणि एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ती शुद्ध केली. यात कोणी पदरच्या ओव्या घालू नयेत, असेही त्यांनी बजावले. स्वतः एवढे समर्थ कवी असून त्यांनी माउलींचे शब्द माउलींचे म्हणूनच राखले. अचूक प्रमाण देण्याचा धडा आपल्याला नाथांनीच घालून दिला आहे.

तेव्हा लिहिणाऱ्याने काय करावे? आधी आपले म्हणणे आपल्या साध्या शब्दांत मांडावे. मग प्रमाण कोणाचे, कोणत्या ग्रंथातले, तिथे कोण कोणाला बोलतो आहे, हे एका वाक्यात सांगावे. जेवढे उलगडता येईल तेवढेच द्यावे, पण ज्या चरणाने अर्थ फिरतो तो गाळू नये. प्रमाणानंतर त्यातला नेमका कोणता शब्द आपल्या कामाचा आहे ते दाखवावे आणि मूळ मुद्द्यावर परत यावे. एखादे वचन आपल्या मताच्या आड येत असेल, तर तेही द्यावे. वकील सोयीचा साक्षीदार शोधतो. आपण संतांकडे जातो ते आपले मत तपासून घ्यायला.

आणि वाचकहो, वाचणाऱ्याचेही काम आहे. छापलेल्या वचनापुढे आपण हात जोडतो, हे योग्यच. पण घरातली पोथी काढून त्या ओवीच्या मागच्या पाच आणि पुढच्या पाच ओव्या वाचाव्यात. इतरत्र चुकीचे अवतरण ही लेखनाची चूक असते. आपल्याकडे संतवचनावर माणसे आचरण ठरवतात, उपवास धरतात, वारी धरतात, घरातले वाद मिटवतात किंवा वाढवतात. म्हणून इथे प्रमाणाचा भार अधिक आहे, आणि तो देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मिळून उचलायचा आहे.

रामकृष्ण हरी.